सहभागाची बैठक : विषय कसा निवडावा?

शासकीय कार्यालयात, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाची एक नोटीस असते. अमुक तारखेस सकाळी अकरा वाजता मासिक बैठक आयोजित करण्यात आली असून सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे, असे तीत म्हटलेले असते. खाली विषयपत्रिका असते. मागील बैठकीचे इतिवृत्त वाचून कायम करणे हा पहिला विषय. मधले तीन-चार विषय प्रलंबित कामांच्या आढाव्याचे. आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. बैठक होते, चहा होतो, उपस्थितीच्या नोंदवहीत सह्या होतात आणि 'विषयावर सविस्तर चर्चा झाली' असे वाक्य इतिवृत्तात लिहिले जाते. ज्यांच्यासाठी ही चर्चा ठेवलेली असते त्यांच्यापैकी बहुतेकांनी मात्र एक शब्दही उच्चारलेला नसतो.

हीच माणसे बैठक संपल्यावर व्हरांड्यात येतात आणि बोलू लागतात. कोणते काम कोठे अडते, कोणत्या नमुन्यातील कोणता रकाना कोणालाच समजत नाही, लोक कशासाठी रागावतात, हे सारे तेथे मोकळेपणाने बोलले जाते. खोलीत गप्प बसलेला माणूस व्हरांड्यात बोलका होतो, याचा दोष सामान्यत: त्याच्या संकोचाला दिला जातो. वस्तुत: त्याला खोलीत बोलण्याजोगे काही दिलेलेच नव्हते, हे अधिक खरे कारण असते. सहभागाच्या बैठकीचे यश वक्तृत्वापेक्षा, सभागृहाच्या सजावटीपेक्षा किंवा साधनसामग्रीपेक्षा तिच्या विषयावर अवलंबून असते. विषय कसा निवडावा आणि तो कोणत्या शब्दांत मांडावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

बैठकींचे प्रकार

प्रत्येक बैठक सहभागाची असू शकत नाही आणि तशी ती असण्याची आवश्यकताही नाही. नवीन शासन निर्णयाची माहिती द्यावयाची असेल तर ती नेमकेपणाने सांगणे आणि शंकांना उत्तरे देणे पुरेसे असते. उद्दिष्टे व साध्य यांचा आढावा घ्यावयाचा असेल तर आकडे समोर ठेवावे लागतात. कायद्याने ज्या संस्थेला निर्णयाचा अधिकार दिला आहे तिच्या सभेत सूचना, अनुमोदन आणि ठराव यांची रीत पाळावीच लागते. या तिन्ही प्रकारच्या बैठका आपापल्या जागी योग्य होत.

यांहून वेगळी अशी चौथी बैठक असते. एखादा प्रश्न असा असतो की त्याचे उत्तर कोणत्याही एका व्यक्तीजवळ नसते. ते कामाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर असलेल्या अनेकांजवळ थोडे थोडे विखुरलेले असते. कार्यालयप्रमुखाला नियम ठाऊक असतो, लिपिकाला कागद कोठे थांबतो ते ठाऊक असते आणि दारावरील शिपायाला आलेला माणूस कोणत्या गावाहून, किती वाजताच्या गाडीने आला हे ठाऊक असते. हे विखुरलेले ज्ञान एकत्र आणावयाचे असेल तेव्हाच सहभागाची बैठक बोलवावी. आढाव्याच्या बैठकीला सहभागाचे नाव दिल्याने ती सहभागाची होत नाही. उलट पुढे खरोखर सहभागाची बैठक बोलावली तरी लोक तिला आढाव्याचीच समजतात.

या विचाराची वाटचाल

काम करणाऱ्या माणसाला कामाविषयी बोलण्याचा अधिकार असावा, हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत '४३-अ' हा अनुच्छेद समाविष्ट झाला. उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग मिळविण्यासाठी राज्याने उपाययोजना करावी, असे त्यात म्हटले आहे.

जपानमध्ये १९६२ पासून कारखान्यांतून 'गुणवत्ता मंडळे' स्थापन होऊ लागली. जपानी शास्त्रज्ञ व अभियंता संघाने या चळवळीला चालना दिली आणि काओरू इशिकावा हे तिचे प्रमुख प्रणेते मानले जातात. एकाच विभागात काम करणारे मोजके कामगार थोडा वेळ काढून नियमितपणे एकत्र बसत आणि आपल्याच कामातील एखाद्या अडचणीचा अभ्यास करीत. या मंडळांचा एक नियम लक्षात घेण्याजोगा आहे. अभ्यासासाठी कोणती अडचण घ्यावयाची हे प्राय: मंडळाचे सदस्य स्वत: ठरवीत. वेतन, बढती, व्यक्तिगत तक्रारी यांसाठी इतर व्यासपीठे असल्यामुळे ते विषय मंडळापुढे घेतले जात नसत. आपल्या हाताखालून जे काम जाते त्याविषयीचाच प्रश्न घ्यावयाचा, असा दंडक असे. भारतात १९८० च्या सुमारास हैदराबादजवळील रामचंद्रपुरम येथील भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यात अशा मंडळांना आरंभ झाला आणि १९८२ मध्ये त्यांच्या प्रसारासाठी हैदराबाद येथेच एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

याच दशकात अमेरिकेतील हॅरिसन ओवेन यांनी एक वेगळा प्रयोग केला. १९८३ मध्ये त्यांनी सुमारे अडीचशे प्रतिनिधींची एक परिषद वर्षभर खपून भरविली होती. परिषद संपल्यावर सर्वांचे एका गोष्टीवर एकमत झाले : परिषदेतील सर्वांत उपयुक्त भाग म्हणजे मधल्या सुट्टीतील कॉफीपानाची वेळ! आपल्या व्हरांड्याचा अनुभव याहून वेगळा नाही. ओवेन यांनी पूर्वी पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया देशाच्या अंतर्भागात एका खेड्यात राहून तेथील सामूहिक जीवन पाहिले होते. गावाच्या मध्यभागी वर्तुळात जमणारी माणसे त्यांच्या स्मरणात होती. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे त्यांनी अशी परिषद घेतली की जीत आधी ठरविलेली भाषणे नव्हती आणि तयार विषयपत्रिकाही नव्हती. सर्वजण वर्तुळात बसले. ज्याला ज्या मुद्द्यावर बोलावयाचे होते त्याने तो कागदावर लिहून भिंतीवर लावला. आणि ज्याला जो मुद्दा महत्त्वाचा वाटला तो त्या गटात जाऊन बसला. पुढे 'खुले अवकाश' या अर्थाच्या नावाने ही पद्धत अनेक देशांत रूढ झाली.

या पद्धतीत विषयपत्रिका नसते म्हणून विषयही नसतो, असा समज होण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात येथे सारा भार एकाच मध्यवर्ती विषयावर असतो. बाकी काहीच आधी ठरविलेले नसल्यामुळे तो विषय लोकांच्या मनाला भिडणारा नसेल तर भिंत कोरीच राहते. तयार विषयपत्रिकेच्या बैठकीत दुबळा विषय भाषणांच्या आड लपू शकतो. खुल्या बैठकीत त्याला लपावयास जागा नसते.

चांगल्या विषयाच्या कसोट्या

विषयाची पहिली कसोटी अशी की तो उपस्थितांच्या रोजच्या कामातून आलेला असावा. 'कार्यक्षमता वृद्धी', 'गुणवत्ता विकास', 'लोकाभिमुख प्रशासन' हे शब्द चांगले आहेत. परंतु ते ऐकून कोणालाही आपल्या टेबलावरचा कागद आठवत नाही. ज्याच्या उल्लेखाबरोबर ऐकणाऱ्याला एखादा चेहरा, एखादा दिवस किंवा एखादी चुकलेली गोष्ट आठवते, तो विषय जिवंत समजावा.

दुसरी कसोटी अधिक कठोर आहे. विषयाचे उत्तर आधी ठरलेले नसावे. निर्णय झालेला असताना केवळ संमतीचा देखावा म्हणून चर्चा ठेवली तर लोक ते तत्काळ ओळखतात. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीस उपस्थित राहण्याचा प्रसंग माझ्यावर आला होता. 'कार्यालयातील जागेचा अधिक चांगला वापर कसा करता येईल?' असा विषय होता. सकाळच्या सत्रात कर्मचाऱ्यांनी उत्साहाने सूचना केल्या. अभिलेख कोठे हलवावेत, वयोवृद्ध अभ्यागतांना बसावयास बाके कोठे ठेवावीत, यांविषयी फळ्यावर आराखडे काढण्यात आले. दुपारी चहाच्या वेळी सुतार आला आणि एका आधीच मंजूर झालेल्या नकाशाप्रमाणे लाकडी कप्प्यांची मापे घेऊ लागला. कोणी काही बोलले नाही. त्यानंतरच्या बैठकीत विषय कोणताही असो, सर्वानुमते मंजूर होत गेला. अधिकाऱ्यांच्या मनात फसवणुकीचा हेतू नव्हता; लोकांना विचारले तर त्यांना बरे वाटेल, एवढाच त्यांचा विचार होता. परंतु एका दुपारी गेलेला विश्वास परत मिळविण्यास त्या कार्यालयाला फार काळ लागला. निर्णय झाला असेल तर तो स्पष्टपणे सांगावा आणि त्याच्या अंमलबजावणीत जे अद्याप ठरावयाचे आहे तेवढ्यावरच चर्चा ठेवावी. 'नकाशा मंजूर झाला आहे. त्यात अभ्यागतांची गैरसोय कमीत कमी कशी होईल?' हा प्रश्न लहान असला तरी प्रामाणिक ठरला असता.

तिसरी कसोटी अधिकारकक्षेची. उपस्थितांना ज्या बाबतीत काहीच करता येत नाही तो विषय कितीही जिव्हाळ्याचा असला तरी बैठकीच्या शेवटी हाती निराशाच येते. रिक्त पदे भरणे तालुका कार्यालयाच्या हाती नसते. तेव्हा 'रिक्त पदांचा प्रश्न' हा विषय तेथे केवळ गाऱ्हाण्यांना वाट करून देतो. 'उपलब्ध मनुष्यबळात गर्दीच्या दिवसांचे काम कसे वाटून घ्यावे?' या विषयावर मात्र तेच लोक दुसऱ्या दिवसापासून अंमल करू शकतात. वरिष्ठांकडे पाठवावयाच्या मागण्यांची स्वतंत्र नोंद अवश्य करावी. परंतु बैठकीचा मुख्य विषय आपल्या हातच्या गोष्टींचा असावा.

चौथी कसोटी व्याप्तीची. विषय फार मोठा असला की चर्चा विखुरते, आणि फार लहान असला की ती दहा मिनिटांत आटोपते. 'शिक्षणाचा दर्जा' या विषयाला किनारा नाही, तर 'फळ्याला रंग केव्हा द्यावा?' यासाठी बैठकीची गरज नाही. मांडलेल्या विषयाची आठ-दहा वेगवेगळी अंगे निरनिराळ्या पदांवरील माणसांना सुचू शकतात काय, हे मनाशी पडताळून पाहिले म्हणजे व्याप्तीचा अंदाज येतो.

शीर्षकाकडून प्रश्नाकडे

विषय योग्य असूनही त्याची शब्दयोजना सदोष असेल तर बैठक फसते. आपल्याकडे विषय बहुधा शीर्षकाच्या स्वरूपात लिहिले जातात. शीर्षकाला उत्तर देता येत नाही. उत्तर प्रश्नालाच देता येते. म्हणून सहभागाच्या बैठकीचा विषय प्रश्नाच्या रूपात लिहावा. त्यातही तो दोषारोपाचा नसावा. 'कर्मचारी वेळेवर का येत नाहीत?' असे विचारले की प्रत्येकजण आपला बचाव करू लागतो. ज्याचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' या एका शब्दात संपते, तो प्रश्नही चर्चेला निरुपयोगी होय.

काही उदाहरणे पाहू. ग्रामपंचायतीच्या विषयपत्रिकेवर 'पाणीपट्टी वसुली' हा विषय वारंवार असतो. तो वाचताच थकबाकीदार सभेला येत नाहीत आणि जे आले ते न आलेल्यांविषयी बोलतात. वास्तविक पाणीपट्टी थकली की योजनेचे वीजबिल थकते, वीजबिल थकले की पुरवठा खंडित होण्याची वेळ येते आणि मग पाणीपट्टी भरणाऱ्याच्या घरातही हंडा कोरडा राहतो. हा सारा कार्यकारणभाव विषयाच्या मांडणीतच आणता येईल : 'गावच्या नळयोजनेचे वीजबिल वर्षभर न थकता भरले जावे आणि शेवटच्या घरापर्यंत पाणी पोचावे, यासाठी आपण काय करू शकतो?' या प्रश्नावर थकबाकीदारालाही बोलता येते. चढावर राहत असल्यामुळे आपल्या नळाला पाणीच येत नाही, म्हणून आपण पट्टी भरत नाही, असे तो कदाचित सांगेल. आणि ही माहिती वसुलीच्या यादीत कोठेही नसते.

केंद्रशाळेत भरणाऱ्या शिक्षण परिषदेत 'विद्यार्थी उपस्थिती' हा विषय नेहमीचा. त्याऐवजी 'आठवडी बाजाराच्या दिवशी वर्ग रिकामा का होतो आणि त्या दिवशी मुलांना शाळेत यावेसे वाटेल असे आपण काय करू शकतो?' असा प्रश्न ठेवला तर शिक्षकांना आपापल्या वर्गातील मुले नावानिशी आठवतात. घरी धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी, आईबरोबर भाजीच्या पाटीशी बसणारा मुलगा, बाजारात जाणाऱ्या वाहनातून गंमत म्हणून जाणारी मुले, अशी कारणे वेगवेगळी असल्याचे ध्यानात येते. आणि कारणे वेगळी असली म्हणजे उपायही वेगळे करावे लागतात.

हेलपाट्याचा प्रश्न

तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या एका कार्यालयातील अनुभव येथे नमूद करावासा वाटतो. दाखल्यांची प्रकरणे प्रलंबित राहतात, अशी तक्रार होती. 'प्रलंबित प्रकरणांचा निपटारा' या विषयावर अनेक बैठका झाल्या होत्या आणि प्रत्येक वेळी संबंधित लिपिकास समज देऊन त्या संपल्या होत्या. तेथील अधिकाऱ्यांनी एकदा विषय बदलून असा लिहिला : 'दाखल्यासाठी आलेल्या माणसाला दुसरा हेलपाटा का पडतो?' या बैठकीला त्यांनी शिपाई, वाहनचालक आणि आवक-जावक सांभाळणारे कर्मचारी यांनाही बोलावले.

प्रथम काही वेळ शांततेत गेला. नंतर एका शिपायाने सांगितले की कोणती कागदपत्रे लागतात याचा फलक कार्यालयात आहे. परंतु वर्षभरापूर्वी त्याच्यासमोर कपाट आले आहे. लोक कागदपत्रांची चौकशी त्यालाच करतात आणि तो आठवेल तसे सांगतो. दुसऱ्याने सांगितले की दूरच्या गावांची एस.टी. साडेअकराला येते आणि परतीची गाडी दोनला असते. सही करणारे अधिकारी त्याच वेळेत बहुधा स्थळपाहणीस गेलेले असतात. आवक लिपिकाने आणखी एक गोष्ट निदर्शनास आणली. अर्ज अपुरा असल्याचे प्रकरण टेबलावर आल्यावर, म्हणजे अर्जदार गावी परतल्यानंतर, लक्षात येते. अर्ज घेतानाच तो तपासला तर माणूस समोर असतो आणि कित्येकदा राहिलेला कागद त्याच्या पिशवीत असतो.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत देणे बंधनकारक आहे. परंतु मुदतीची गणना सर्व बाबतींत परिपूर्ण अर्ज सादर झाल्याच्या तारखेपासून होते. अर्ज परिपूर्ण होईपर्यंत पडलेले हेलपाटे त्या मुदतीत मोजले जात नाहीत. त्यामुळे कागदोपत्री मुदत पाळली जात असूनही मजुरी बुडवून आलेल्या माणसाचे दोन दिवस जाऊ शकतात. नियम सर्वांना ठाऊक होता. या फटीकडे लक्ष गेले ते प्रश्नातील 'दुसरा हेलपाटा' या दोन शब्दांमुळे. दुसऱ्या दिवशी कपाट हलले. अर्ज स्वीकारतानाच तपासण्याची जबाबदारी एका अनुभवी कर्मचाऱ्याकडे देण्यात आली आणि बाजाराच्या दिवशी दुपारी बारा ते दोन अधिकाऱ्यांनी कार्यालयात थांबावे, असे ठरले. यासाठी नवा निधी लागला नाही की नवे पद लागले नाही. सर्व प्रश्न सुटले असेही नाही. परंतु समज देण्याच्या पूर्वीच्या बैठकींतून यांपैकी एकही गोष्ट पुढे आली नव्हती, हे मान्य करावे लागेल.

विषय कोणी आणि कसा शोधावा?

असा विषय कार्यालयप्रमुखाने खोलीत एकट्याने बसून सुचणे कठीण असते. बैठकीपूर्वी आठ-दहा दिवस तीन-चार जणांचा एक छोटा गट करावा. त्यात निरनिराळ्या स्तरांवरील माणसे असावीत आणि एखादी नव्याने रुजू झालेली व्यक्ती अवश्य असावी. कारण जुन्या माणसांच्या अंगवळणी पडलेल्या गोष्टी नव्या माणसाला खटकतात. या गटाने सहकाऱ्यांना एकेकटे गाठून दोनच गोष्टी विचाराव्यात : गेल्या महिन्यात कामात सर्वांत अधिक वेळ कशात वाया गेला आणि कोणती गोष्ट बदलली तर काम सोपे होईल? उत्तरे ज्याच्या त्याच्या शब्दांत लिहून घ्यावीत. त्यांना कार्यालयीन भाषेत बसविण्याची घाई करू नये. 'हेलपाटा' हा शब्द 'विलंब' म्हणून लिहिला गेला असता तर वर सांगितलेली बैठक कदाचित पूर्वीच्याच वाटेने गेली असती.

ज्यांच्यासाठी काम चालते त्या लोकांचे म्हणणेही ऐकावे. तक्रारींची नोंदवही आणि व्हरांड्यातील बोलणे यांतून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा कानी येऊ लागली की विषय सापडला असे समजावे. नंतर त्याचे दोन-तीन मसुदे करून ते बैठकीस येणाऱ्या चार-दोन व्यक्तींना वाचून दाखवावेत. वाचताच समोरच्याने स्वत:चा एखादा अनुभव सांगावयास सुरुवात केली तर मसुदा योग्य आहे. 'चांगला विषय आहे' असे म्हणून तो थांबला, तर मसुदा पुन्हा लिहावा.

ग्रामसभेच्या बाबतीत

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने हा विचार अधिक महत्त्वाचा आहे. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अंमलात आली आणि ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले. पुढे केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने शाश्वत विकास ध्येयांच्या स्थानिकीकरणासाठी नऊ संकल्पना निश्चित केल्या. गरिबीमुक्त गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव, स्वच्छ व हरित गाव, महिलास्नेही गाव इत्यादी संकल्पनांपैकी निवड करून गावांनी आपला विकास आराखडा तयार करावा, अशी अपेक्षा आहे. या संकल्पना म्हणजे दिशा होत; त्या जशाच्या तशा सभेपुढे ठेवल्या तर पुन्हा शीर्षकच वाचले जाईल. 'जलसमृद्ध गाव' निवडल्यावर 'मे महिन्यात आपल्या कोणत्या विहिरी आटतात आणि त्या महिनाभर अधिक टिकाव्यात यासाठी येत्या पावसाळ्यापूर्वी काय करावे?' असा प्रश्न गावाने स्वत: तयार करावा लागतो.

नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे. मुख्य विषयाचा मसुदा प्रथम या सभेत ठेवावा. पाणी, सरपण, रेशन, अंगणवाडी यांविषयीचे प्रश्न त्यामुळे नेमके होतात आणि ग्रामसभेच्या अखेरीस आयत्या वेळच्या विषयांत ते हरवत नाहीत. ग्रामसभेची नोटीस, गणपूर्ती, इतिवृत्त इत्यादी बाबी नियमाप्रमाणेच पार पाडाव्यात; तथापि सहभागाचा विषय विषयपत्रिकेच्या आरंभी, लोक ताजेतवाने असताना घ्यावा. तो कोणत्या क्रमांकावर आहे, यावरून त्याचे महत्त्व लोक जोखीत असतात.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. तेथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताऐवजी सर्वसहमतीने घेण्याची प्रथा पडली. सर्वसहमती हवी म्हणजे विषयाची पुरेशी समज हवी. म्हणून गावाने 'अभ्यासगट' ही पद्धत विकसित केली. एखादा प्रश्न पुढे आला की इच्छुकांनी एकत्र बसून, आवश्यक तर बाहेरील जाणकारांना बोलावून, त्याचा अभ्यास करावयाचा. निर्णय मात्र ग्रामसभेने घ्यावयाचा. जंगल, बांबू, कायद्यातील तरतुदी अशा विषयांची चर्चा यातून वर्षानुवर्षे होत राहिली. वनहक्क अधिनियमाखाली २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मान्य झाले आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला, तेव्हा त्यामागे या दीर्घ अभ्यासाची पूर्वतयारी होती. 'आपल्या जंगलाचे आपण काय करावयाचे?' हा प्रश्न बाहेरून आलेला नव्हता. तो गावाच्या चुलीशी, घराच्या कुडाशी आणि हाताला मिळणाऱ्या कामाशी जोडलेला होता.

बैठकीनंतर

विषयाची निवड हे एका अर्थी वचन असते. 'आपण काय करू शकतो?' असे विचारणाऱ्याने उत्तर ऐकून त्याप्रमाणे काही तरी करण्याची जबाबदारी स्वीकारलेली असते. म्हणून बैठक संपण्यापूर्वी, कोणती गोष्ट कोण व केव्हापर्यंत करणार याची नोंद सर्वांसमोर वाचून दाखवावी. निदान एक लहानशी गोष्ट आठवड्याच्या आत दृश्य स्वरूपात घडावी. जी सूचना स्वीकारता येणार नाही तिचे कारण ती करणाऱ्याला सांगावे. नकाराचे कारण समजले तर माणूस पुन्हा सूचना करतो, मौन मिळाले तर करीत नाही. पुढील बैठकीचा आरंभही मागच्या प्रश्नाचे काय झाले, या वृत्तांतानेच व्हावा. इतिवृत्त 'कायम करणे' या कार्यालयीन शब्दप्रयोगाला त्या दिवशी खरा अर्थ प्राप्त होतो.

या कामी काही मर्यादा पाळाव्या लागतात. सहभागाची बैठक दर आठवड्याला घेता येत नाही. वर्षातून तीन-चार वेळा, खरा प्रश्न असेल तेव्हाच ती घ्यावी. तिच्यात कोणाही व्यक्तीच्या चुकांची चौकशी करू नये, आणि तेथे मोकळेपणाने बोललेल्या शब्दाचा पुढे बोलणाऱ्याविरुद्ध उपयोग होऊ देऊ नये. वरिष्ठांनी शक्यतो शेवटी बोलावे. कारण त्यांचे मत आधी आले की इतरांना ते उत्तर ठरून गेल्यासारखे वाटते.

पुढील महिन्याच्या बैठकीची नोटीस काढण्यापूर्वी आपण एवढेच करून पाहावे : विषयपत्रिकेतील एखादे जुने शीर्षक घ्यावे, शिपायापासून अभ्यागतापर्यंत दोन-चार व्यक्तींना त्याविषयी विचारावे आणि त्यांच्या शब्दांत त्याचा प्रश्न करावा. तो प्रश्न नोटिशीत सर्वांत वर लिहावा. लोक काय बोलतील हे आधी सांगता येणार नाही. ते जे बोलतील ते ऐकण्याची आणि आपले कपाट हलविण्याची तयारी मात्र नोटिशीवर सही करण्यापूर्वीच असावयास हवी.